खऱ्या मालाचा खटला

सॅन्टन डाबरेच्या दुकानात कोर्टाची माणसं शिरली तेव्हा मी आतच होतो, पण मला काही ऐकू आलं नाही. कानाला हेडफोन होता, समोर रेकॉर्ड फिरत होती आणि डोळे मिटलेले. कुणीतरी खांदा हलवला म्हणून डोळे उघडले, तर काउंटरपुढे पाच-सहा माणसं, त्यांत दोन काळ्या कोटातली, एक हवालदार, आणि पलीकडे सॅन्टन, भिंतीला पाठ लावून उभा.

"तुम्ही कोण?" काळ्या कोटातल्या बाईंनी मला विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हणालो.

"मग बाहेर थांबा. इथे जप्ती आहे."

बाहेर आलो तर शेजारचा स्टेशनरीवाला हरेश फुटपाथवर उभा. त्याच्या मागे रिक्षावाले, त्यांच्या मागे भाजी घेऊन निघालेल्या बायका. नालासोपारा पश्चिमेकडून गासला जाणारा तो रस्ता, शनिवारची दुपार; गर्दी जमायला कितीसा वेळ लागतो? कुणीतरी मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. आतून एक तरुण वकील रेकॉर्डींचे गठ्ठे काढून टेबलावर ठेवत होता, आणखी एक जण मोजत होता आणि कोर्टाचा माणूस लिहून घेत होता. सॅन्टन एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. काच मध्ये असूनही ते मला ओठांवरून कळत होतं: "माल खरा हाय. बिल हाय माझ्याकडे."

संध्याकाळपर्यंत ते शूटिंग आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं. खाली ओळ होती: 'नालासोपाऱ्यात बनावट रेकॉर्डचा अड्डा उद्ध्वस्त.'

या माणसाच्या बाबतीत ही ओळ किती उफराटी होती, हे कळायला सॅन्टन कोण ते आधी सांगायला हवं.

तो गासचा. वडिलांची वाडी होती, केळी आणि पालेभाजी. पण सॅन्टनचा जीव लहानपणापासून बँडमध्ये. गावातल्या ब्रास बँडमध्ये काकाच्या मागे उभं राहून ट्रम्पेट शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना लग्नांत वाजवू लागला. पुढे दुकान टाकलं ते कॅसेटचं. तेव्हा त्याचं बरं चाललं. मग सीडीचे दिवस आले, आणि त्यांच्या पाठोपाठ स्टेशनबाहेर चादरी पसरून बसणारी मुलं आली. शंभर-दीडशे गाणी एका तबकडीत, भाजीच्या जुडीच्या भावात. सगळ्या दुकानदारांनी तो माल ठेवायला सुरुवात केली. सॅन्टनने ठेवला नाही. "वाजवनाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाय," म्हणायचा. "मी बी वाजवनारा हाय." गिऱ्हाईक दाराशी येऊन विचारायचं, तो नाही म्हणायचा, गिऱ्हाईक चादरीकडे जायचं. शेवटी दुकानाचा अर्धा भाग त्याने मोबाइल रिचार्जवाल्याला भाड्याने दिला आणि उरलेल्या अर्ध्यात वाद्यांची दुरुस्ती सुरू केली. बायको कॅरल शाळेत शिक्षिका होती म्हणून घर चाललं.

मी त्याला ओळखू लागलो तो फार नंतर. विमा कंपनीतून निवृत्त झालो, वडिलांचा जुना प्लेअर माळ्यावरून काढला आणि तो दुरुस्त करणारा शोधत त्याच्याकडे पोहोचलो. तोवर रेकॉर्डी पुन्हा फॅशनमध्ये आल्या होत्या. विरारच्या टॉवरमधली तरुण मंडळी प्लेअर विकत घेत होती. सॅन्टनने मोबाइलवाल्याला जागा रिकामी करायला लावली, भिंतीला फळ्या ठोकल्या आणि पुन्हा संगीताचं दुकान उघडलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण फळ्या ठोकताना शीळ घालत होता.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की बँडवाले त्याच्याकडे जमायचे. गासचे, निर्मळचे, अर्नाळ्याहून कधी दोघे-तिघे. एक जुना संच त्यांचा जीव की प्राण होता: चार रेकॉर्डींचा, परदेशातल्या एका ब्रास बँडचा, वाजवणारे सगळे आता वारलेले. सॅन्टन एखादा तुकडा लावायचा, सुई उचलायचा, पुन्हा लावायचा. "ऐका, इथे श्वास कुठे घेतला ते." फोनवरही ते मिळतं, मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक होतं. पण फोनवर दहा माणसं एकत्र बसून ऐकत नाहीत.

तो संच सगळ्यांनाच हवा झाला. भारतात तो विकायचा परवाना मुंबईतल्या एका कंपनीकडे होता आणि कंपनीची किंमत अशी की बँडमध्ये वाजवणाऱ्याने महिनाभर वाजवून मग विचार करावा. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, हाच संच मलेशियात निम्म्याहूनही कमी किमतीला मिळतो. तिकडच्या लोकांची ऐपत बघून तिकडची किंमत ठरवलेली. सॅन्टनने क्वालालंपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याला मेल टाकला. व्यापाऱ्याने पक्कं बिल पाठवलं. माल रीतसर आला, सॅन्टनने कस्टम ड्यूटी भरली, जीएसटी भरला, वर आपला थोडा नफा ठेवला, तरी कंपनीपेक्षा स्वस्त पडला. मग त्याने दुसरा माल मागवला, मग तिसरा. ऑनलाइनही टाकला. पुण्याहून, नागपूरहून मागणी येऊ लागली.

एक गोष्ट मात्र त्याने पाहिली आणि सोडून दिली. प्रत्येक कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं की हा माल फक्त आग्नेय आशियात विक्रीसाठी आहे. "ते त्यांच्या सोयीसाठी छापतात असं वाटलं मला," तो नंतर म्हणाला. "बिस्किटाच्या पुड्यावर बी काय काय छापलेलं असतं."

ती बारीक अक्षरं कंपनीने मात्र सोडली नव्हती. साध्या गिऱ्हाइकासारखा एक माणूस पाठवून संच विकत घेतला, बिल घेतलं आणि थेट कोर्टात गेली. सॅन्टनला न कळवताच पहिला हुकूम निघाला: माल जप्त करा, विक्री थांबवा. अशा दाव्यांत तसं करता येतं, नाहीतर दुकानदार माल लपवतो, असं म्हणतात.

जप्तीनंतरच्या सोमवारी सॅन्टन, कॅरल आणि मी विनिता पाटणकर या वकीलबाईंकडे गेलो. ती माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, विरारला राहायची, कॉपीराइटची कामं करायची. तिने कागद वाचले. वाचताना मध्येच पेन्सिल कानामागे खोचली, तेव्हाच मला वाटलं की हे सोपं नाही.

"अंकल, एक स्पष्ट विचारते. माल डुप्लिकेट आहे?"

"आईची शपथ, नाय."

"मग ऐका. ते तुम्ही डुप्लिकेट विकलं असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात, भारतात विकायचा हक्क आमचा आहे, आमच्या परवानगीशिवाय बाहेरून आणलेली प्रत ही बेकायदा प्रत. मग ती कितीही खरी असो."

कॅरल म्हणाली, "म्हंजे खरी वस्तू बेकायदा?"

"इथे आणली म्हणून."

"ड्यूटी घेतली ना सरकारने!" सॅन्टनचा आवाज चढला. "मग ती कशाची घेतली? बेकायदा मालाची?"

"ड्यूटी घेतली म्हणजे हक्क दिला असं होत नाही, अंकल."

"मग काय होतं?"

विनिताने चहा मागवला. मग समजावत बसली की यावर कायदेपंडितांतही दोन तट आहेत. काहींचं म्हणणं असं की वस्तू एकदा मालकाच्या मर्जीने जगात कुठेही विकली गेली की पुढे ती कुठे फिरावी यावर मालकाचा ताबा राहू नये. काही म्हणतात, राहावा, प्रत्येक देशाचा परवाना वेगळा. "आपण पहिली बाजू मांडू शकतो. मांडण्यासारखी आहे. पण त्यासाठी केस पूर्ण चालायला हवी, आणि त्याला वेळ लागेल."

"लागू दे," सॅन्टन म्हणाला. त्याला तेव्हा वेळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

इकडे ते शूटिंग फिरतच होतं. आगाशीच्या एका लग्नघरातून फोन आला, ठरलेला बँड नको, कारण विचारलं तर "घरात मोठी माणसं काय काय बोलतात." बँडचा पुढारी रोनाल्ड स्वतः सॅन्टनच्या घरी आला. दोघे लहानपणापासून बरोबर वाजवत आलेले. मी तेव्हा ओट्यावर बसलो होतो.

"सॅन्टन, थोडे दिवस तू मागच्या रांगेत उभा राहा," रोनाल्ड म्हणाला. "लीड दुसरा कोन वाजवेल. प्रकरन मिटलं की ये पुढे."

"तुला वाटतं मी चोरी केली?"

"मला नाय वाटत."

"मग कोनाला वाटतं?"

"लोकांना."

"लोकांना तू सांग ना! तूच तर बसून ऐकल्यास त्या रेकॉर्डी. तुझ्या घरात पडलाय तो संच!"

"तो मी कपाटात ठेवलाय," रोनाल्ड हळूच म्हणाला. "पोलीस येतील काय घरी?"

सॅन्टन उठून आत निघून गेला. त्या वर्षी गावच्या चर्चच्या सणाच्या दिवशी तो मागच्या रांगेतही उभा राहिला नाही. घरी बसला. चर्चच्या बाजूने वाजवण्याचा आवाज येत होता आणि तो रागाने एका जुन्या ट्रॉम्बोनची सरकती नळी घासत होता. ती कधीच चकचकीत झाली होती, तरी घासतच होता.

मग त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. मुंबईत एका मोठ्या मॉलमध्ये कंपनीचा माल मिळतो. आपण तिथून संच विकत घ्यायचा आणि आपल्या संचाशी ताडून बघायचा. जप्तीच्या वेळी त्याने स्वतःसाठी ठेवलेला एक उघडा संच घरी राहिला होता. आम्ही दोघे गेलो. त्याने कंपनीच्या भावाने संच घेतला, मॉलमधल्या बाकावर बसून तिथेच फोडला आणि रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. मधल्या लेबलच्या कडेला, गुळगुळीत भागावर, कारखान्याची खूण कोरलेली असते. ती हुबेहूब त्याच्या रेकॉर्डीवरच्यासारखी होती. कव्हरवरही तळाशी छापलेलं: मलेशियात तयार. कंपनीने फक्त भारताचं स्टिकर वर चिकटवलं होतं.

बाकावर बसल्या बसल्या तो इतका मोठ्याने हसला की सिक्युरिटीवाला वळून बघू लागला. "दिनूभाऊ, एकाच आईची दोन पोरं! एकाला पासपोर्ट, एकाला जेल!" त्याला वाटलं, झालं, जिंकलो. तिथूनच त्याने विनिताला फोन लावला.

विनिताने सगळं नीट ऐकून घेतलं. "छान केलंत अंकल. हे मी प्रतिज्ञापत्रात घालते. माल बनावट नाही, हे यातून पक्कं होतं."

"मग संपलं ना?"

"नाही. बनावट आहे असं ते म्हणत नाहीतच. ते परवानगीबद्दल बोलतायत. माल कुठून निघाला याला महत्त्व नाही, कुणाला विचारून इथे आला याला आहे."

सॅन्टनने फोन माझ्या हातात दिला आणि सरकत्या जिन्याकडे बघत बसला. नवा संच त्याने परतीच्या वाटेवर मला देऊन टाकला. "ठेव तुझ्याकडे. माझ्या घरात नको."

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. मी निवृत्त, मला वेळ होता, म्हणून बहुतेक वेळा बरोबर जायचो. सॅन्टन मिस्सेला जाताना घालायचा तो पांढरा शर्ट घालून यायचा. दिवसभर बाकावर बसायचं. कधी आमचा नंबर यायच्या आत कोर्ट उठायचं. कधी समोरच्या मोठ्या वकिलांना दुसरीकडे काम असायचं. कधी न्यायाधीशांची नेमणूक बदलायची आणि सगळं पहिल्यापासून. कुणी मुद्दाम छळत होतं असं मी म्हणणार नाही. तिथे आमच्यासारखे शेकडो लोक होते, त्यांतल्या कितीतरी जणांची घरंदारं अडकलेली, आणि आमचा प्रश्न काय, तर ट्रम्पेटच्या रेकॉर्डी.

एकदाच काय ते प्रकरण नीट निघालं. न्यायाधीशांनी विनिताचं म्हणणं बराच वेळ ऐकलं. तिने मुद्दा चांगला मांडला. एकच वस्तू, एकच कारखाना, मूळ मालकाला त्याचे पैसे मिळालेले, मग ग्राहकाने महागच का घ्यावी? समोरचे वकील उठले. फार सौम्यपणे बोलले. म्हणाले, कंपनीने भारतासाठी परवान्याचे पैसे मोजलेत, जाहिरात केलीय, दुकानांना माल उधारीवर दिलाय, भारतीय कलाकारांच्या रेकॉर्डी त्याच नफ्यातून निघतात. प्रत्येकाने स्वस्त देशातून माल आणला तर इथे कुणी परवाना का घ्यावा?

मी सॅन्टनकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी होती, पण मान किंचित हलत होती. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्यांचं बी खोटं नाय."

"म्हणजे?"

"स्टेशनबाहेर चादरी होत्या तेव्हा मी हेच बोलत होतो ना." मग एकदम चिडून, "पन मी चादरवाला नाय! दोघांना एकाच पोत्यात का भरतात?"

न्यायाधीशांनी त्या दिवशी एवढंच म्हटलं की प्रश्न महत्त्वाचा आहे, सविस्तर सुनावणी लागेल. तोवर पहिला हुकूम कायम. पुढची तारीख उन्हाळी सुट्टीनंतरची मिळाली.

मध्ये विनिताने सहज बोलता बोलता सांगितलं की कायद्यात एक सवलत आहे: स्वतःच्या घरगुती वापरासाठी कुणीही बाहेरून एक प्रत आणू शकतो. सॅन्टनचे डोळे चमकले. त्याच आठवड्यात त्याने बँडच्या सगळ्यांना दुकानात बोलावलं. रोनाल्डही आला. ज्याने त्याने आपापला संच आपापल्या नावाने मागवायचा, असं सॅन्टन सांगू लागला; कायद्याच्या आतलं, कुणाच्या बापाची भीती नाही. पण एकेकट्या पार्सलचा कुरिअर आणि त्यावरची ड्यूटी धरून हरेशने कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, तर संच कंपनीपेक्षाही महाग पडत होता. अर्नाळ्याचा एक क्लॅरिनेटवाला म्हणाला, "म्हंजे एक आनला तर कायदेशीर पन परवडत नाय, दहा आनले तर परवडतात पन बेकायदा." सगळे हसले. सॅन्टन हसला नाही. त्याने प्लेअरचं झाकण लावलं आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

या काळात तो बदलत गेला, हे मला दिसत होतं. पूर्वी दुकानात तो कमी बोलायचा, सुरांचंच काय ते. आता कुणी हार्मोनियमची पट्टी दुरुस्तीला आणली तरी त्याला खटला सांगायचा, पहिल्यापासून. गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. कॅरल एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "सॅन्टन, तू ट्रम्पेट शेवटचा कवा वाजवलास?" त्याला सांगता येईना. "ओठ सुटतील तुझे," ती म्हणाली. "मग खटला जिंकून काय फुंकनार?"

तिसऱ्या वर्षी कंपनीच्या बाजूने निरोप आला की तडजोड करू. नुकसानभरपाई नको, फक्त पुन्हा आयात करणार नाही असं लिहून द्या. विनिताचं मत होतं, घ्यावी. पण त्याआधी जप्त मालाची पाहणी करू, कदाचित तो मलेशियाला परत पाठवायची मुभा मागता येईल, म्हणजे व्यापारी निदान काही रक्कम परत देईल. कोर्टाने पाहणीला परवानगी दिली.

माल भिवंडीजवळच्या एका गोदामात होता. कंपनीनेच ते भाड्याने घेतलेलं. पत्र्याचं छप्पर, मे महिना. आत पाय ठेवला तेव्हा भट्टीचं दार उघडावं तशी धग अंगावर आली. कोर्टाचा माणूस होता, कंपनीचा एक तरुण अधिकारी होता, त्याचं नाव नेहल. सील तोडलं. खोकी एकावर एक आडवी रचलेली होती. सॅन्टनने सगळ्यात वरचा संच काढला, प्लास्टिक फाडलं, रेकॉर्ड बाहेर काढून डोळ्यांच्या रेषेत धरली.

ती बशीसारखी झाली होती. कडा वर वळलेल्या.

त्याने दुसरी काढली. तीही तशीच. तळातल्या खोक्यातली काढली, ती वरच्या वजनाने लाटेसारखी वाकलेली. तो एकेक काढत गेला, बघत गेला, आणि तितक्याच काळजीने परत कव्हरमध्ये घालत गेला.

"सर, आम्हाला कल्पना नव्हती," नेहल म्हणाला. तो खरंच ओशाळला होता. "आमच्याकडे असा स्टॉक एसीत असतो. हा कोर्टाचा म्हणून वेगळा ठेवला."

"रेकॉर्ड उभी ठेवायची असते," सॅन्टन म्हणाला. आवाज अगदी बारीक. "आडवी नाय. कोनालाच माहीत नव्हतं? तुमची कंपनी रेकॉर्डीच विकते ना?"

कोर्टाच्या माणसाने विचारलं, "शेरा काय लिहू?"

विनिता म्हणाली, "माल वापरण्यास अयोग्य, असं लिहा."

सॅन्टन बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. मी पाण्याची बाटली दिली. त्याने ती डोक्यावर ओतली, शर्ट भिजला, आणि तो तसाच बसून राहिला. मला वाटलं रडेल. रडला नाही. "आम्ही दोघं भांडत होतो," तो म्हणाला, "आनि ज्याच्यासाठी भांडत होतो ते आत शिजत होतं."

सही करायला तो तयार झाला, पण एका अटीवर. तडजोडीच्या कागदात एक वाक्य हवं, की माल बनावट नव्हता. विनिताला वाटलं, साधी गोष्ट आहे. ती तेवढी साधी निघाली नाही. कंपनीचे वकील म्हणाले, असं वाक्य दिलं तर उद्या दुसरा आयातदार तेच दाखवील. त्यांनी मसुदा पाठवला, सॅन्टनने परत पाठवला. 'प्रतिवादीने अनवधानाने' असं त्यांनी घातलं, त्याने खोडलं. 'कथित खऱ्या वस्तू' असं आलं. कथित या शब्दाचा अर्थ त्याने मला विचारला आणि तोही खोडला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कॅरल वैतागली, विनिता वैतागली, मीही एकदा त्याला म्हणालो की अरे, एका वाक्यासाठी किती ताणशील?

"माझ्याकडे दुसरं काय राहिलंय ताणायला?" तो म्हणाला.

नाताळच्या आधी वाक्य आलं: 'सदर माल मूळ उत्पादकानेच तयार केलेला आहे, याबद्दल उभय पक्षांत वाद नाही.' सॅन्टनने ते दोनदा वाचलं आणि सही केली. पुढच्याच ओळीत होतं की प्रतिवादी यापुढे परवानगीशिवाय आयात करणार नाही आणि जप्त माल नष्ट करण्यात येईल. मूळ प्रश्न, बाहेरून आणलेली खरी वस्तू बेकायदा ठरते की नाही, तो तसाच राहिला. केस निकाली निघाली, निकाल लागला नाही.

त्या वाक्याच्या झेरॉक्स त्याने काढल्या. हरेशला दिली. हरेश म्हणाला, "बरं झालं बुवा, सुटलास," आणि न वाचता गल्ल्याखाली सारली. रोनाल्डला दिली. रोनाल्डने वाचली, त्याला मिठी मारली आणि लीडला परत बोलावलं. आगाशीच्या त्या लग्नघरी स्वतः जाऊन दिली; तिथली म्हातारी म्हणाली, कसलं प्रकरण, आम्हाला तर काही आठवत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी त्या झेरॉक्सचा फोटो टाकला. तिघांनी शाबासकीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि खाली लगेच पाण्याच्या टँकरवरून भांडण सुरू झालं.

सॅन्टन पुन्हा वाजवू लागला. ओठ खरंच सुटले होते. वरचे सूर फाटायचे, मध्येच थांबायचा, शिव्या द्यायचा. हळूहळू बसत गेलं. दुकानात आता रेकॉर्डी थोड्याच, इथल्याच जुन्या. दुरुस्तीचं काम जास्त.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो अचानक माझ्या घरी आला. बँडच्या गणवेशात, हातात ट्रम्पेटची पेटी. बस म्हटलं तर बसला नाही, दारातच उभा राहिला.

"दिनूभाऊ, तुळिंजचा एक मास्तर आलता, मुलांना बँड शिकवतो. त्याला तो संच हवा होता. मी म्हटलं, कंपनीकडे मिळेल, आनि त्याच्यासमोर त्या नेहलला फोन लावला."

"मग?"

"कंपनीने बंद केला तो संच. खप नाय म्हने भारतात. परवाना बी सोडून दिला."

मी म्हणालो, "मग आता तर कुणाचाच हक्क उरला नाही इथला. आता तू मागवू शकतोस की."

"विनिताला विचारलं." त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली. "परवाना गेला तरी मूळ मालक हाय ना, परदेशात. त्याची परवानगी पायजे. ते एका दुकानदाराच्या मेलला उत्तर देत नाय. आनि माझी सही तर हायच, न विचारता आननार नाय म्हनून." मग म्हणाला, "महाग होता तवा निदान होता तरी."

कंपनीचा तो महागडा संच माझ्याकडेच होता. म्हटलं, मास्तरांना हा दे, मी तसाही कमी ऐकतो. त्याने मान हलवली. "उद्या येऊन घेतो. आता उशीर झालाय, अर्नाळ्याला वरात हाय."

तो जिना उतरला. खाली त्याची स्कूटर सुरू होईना. खिडकीतून मला किकचे आवाज ऐकू येत होते, एक, दुसरी, मग सॅन्टनची शिवी, आणि पुन्हा किक.